छापखान्यातून आलेला मायावी

कंसाचं डोकं धडावेगळं होतं, हवेत वर जातं आणि परत येऊन मानेवर बसतं. ‘श्रीकृष्णजन्म’ या १९१८ सालच्या मूकपटातला हा प्रसंग नाशिकचा. दादासाहेब फाळक्यांनी तो रचला, तेव्हा ‘स्पेशल इफेक्ट्स’ हे नाव इथे कुणाच्या कानावर नव्हतं.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून फाळक्यांचा गौरव होतोच. पण त्यांच्यातला अद्भुताचा चित्रकार या मोठ्या बिरुदामागे झाकला गेला, आणि तो पाहायचा तर कॅमेऱ्याच्या मागे, छापखान्यात जावं लागतं. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा शास्त्र्यांचा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकला. बडोद्याच्या कलाभवनात त्याने छायाचित्रण आणि छपाईच्या प्रक्रिया आत्मसात केल्या. पुढे पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून लोणावळ्याला ठसे करण्याचा नि छपाईचा व्यवसाय थाटला, राजा रविवर्मांच्या छापखान्यासाठी कामं केली. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीला जाऊन आले. मधल्या काळात जादूचे प्रयोगही शिकले. ‘फाळके’ उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ हे जादूगाराचं नाव त्यांनी घेतलं होतं.

रविवर्मांच्या तसबिरींनी देवांना घराघरांत चेहरे दिले होते. ते देव हलले पाहिजेत, उडाले पाहिजेत, ही फाळक्यांची ओढ. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडंथोडं चित्रण करून अंकुराचा वेल होताना काही क्षणांत पडद्यावर दाखवला. कॅमेऱ्याने काळ आकसवता येतो, हे त्या रोपाने सिद्ध केलं. भांडवल देणाऱ्यांना पटवायलाही तेच उपयोगी पडलं.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट झळकला. त्याच वर्षी फाळके आपला चित्रपटांचा कारखाना घेऊन नाशिकला आले.

इथलं तंत्र म्हणजे शुद्ध कारागिरी होती. कॅमेरा थांबवायचा, नट जागच्या जागी निश्चल, तेवढ्यात एखादी वस्तू हलवायची किंवा माणूस बाजूला करायचा, की पुन्हा हँडल फिरवायला सुरुवात. पडद्यावर ती वस्तू वा माणूस झटक्यात गडप. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केलं, की दोन चित्रं एकमेकांत मिसळत. मात्र दुसऱ्या चित्राची जागा आधीच नेमकी ठरलेली हवी. एकावर एक रंगाचे ठसे उमटवताना रेष हलू न देणाऱ्या माणसाला ही शिस्त नवी नव्हती. म्हणूनच कॅमेऱ्याची ही करामत त्यांच्या आधीच्या हस्तकौशल्याचाच विस्तार वाटते.

‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) कालियाशी झुंजणारा कृष्ण झाली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. आगकाड्यांची हालती चित्रं त्यांनी १९१५ सालीच केली होती. सगळा खटाटोप घरचा: पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंत राबत. या इतिहासात त्यांना अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

१९१८ साली भागीदारांसह ‘हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. पुढे बोलपटांचा काळ आला आणि १९३७ चा ‘गंगावतरण’ हा फाळक्यांचा एकमेव बोलपट ठरला. विषय मात्र तोच होता, स्वर्गातून उतरणाऱ्या नदीचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचं निधन झालं. त्यांच्या बहुतेक फिल्म काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. पण ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’चे तुकडे उरले आहेत, आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी ते एकेक चौकट थांबवून पाहण्यासारखे आहेत.