क्ष = क्ष, आणि हिवरे बाजारचा ताळेबंद

हा अख्खा आठवडा सफाईत गेला. आमच्या एका जुन्या प्रॉडक्टची मेकफाइल आहे. तिच्यात वॉर्निंग गप्प करणारे फ्लॅग आणि कुठल्याकुठल्या कंपायलरच्या बग्जवर लावलेली ठिगळं इतकी साठली होती की मूळ कापड शोधावं लागत होतं. प्रत्येक ठिगळापाशी एकच प्रश्न: हे अजून लागतं का? ज्याने लावलं तो कधीच नोकरी सोडून गेलेला. हे करताना मला सारखं नगर तालुक्यातलं हिवरे बाजार आठवत होतं. का ते सांगतो.

हिवरे बाजारची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. १९७२ च्या दुष्काळानंतर खचलेलं गाव, पोटासाठी बाहेर पडलेली माणसं, १९८९ साली सरपंच झालेले एम.कॉम. पोपटराव पवार, मग श्रमदान, समतल चर, बंधारे, आदर्श गाव योजना. सांगणारे बहुधा इथेच थांबतात. मला त्यापेक्षा गावाचे नियम बघण्यासारखे वाटतात. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत. हे झाले कायमचे. त्यांचं कारणही कायमचंच आहे, कारण गाव पर्जन्यछायेत आहे आणि खालच्या काळ्या पाषाणात पाणी धरून ठेवायला जागा थोडी.

पण रब्बीला काय आणि किती पेरायचं, हे दगडावर कोरून ठेवलेलं नाही. गावात पर्जन्यमापक आहेत. पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांवरून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि तो ग्रामसभेपुढे ठेवतात. आधी माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी, मग जे उरेल त्यावर पिकं. पाऊस कमी तर हात आखडता, बरा झाला तर मोकळा. म्हणजे बंधनाबरोबर त्याचं कारणही दरवर्षी मोजलं जातं. आम्ही सॉफ्टवेअरवाले इथेच मार खातो.

उदाहरण लिनक्स कर्नेलचं घेऊ. २००७ च्या सुमाराला जीसीसी कंपायलर ठिकठिकाणी ओरडायचा, की हा व्हेरिएबल किंमत न देताच वापरलाय. पुष्कळदा ती ओरड खोटी असायची. तिथे पोचेपर्यंत किंमत मिळालेली असणारच, हे माणसाला दिसायचं, कंपायलरला नाही. खोट्या ओरडीत खरी हरवू नये म्हणून एक मॅक्रो आला, ‘अनइनिशियलाइज्ड_व्हार’. त्याच्या पोटात होतं एवढंच: क्ष = क्ष. व्हेरिएबलला त्याचीच (नसलेली!) किंमत द्यायची, की कंपायलर गप्प.

हेतू चांगला होता हो. पण कोड एका जागी थांबत नाही. भोवतालच्या ओळी बदलल्या, नवे कंपायलर आले, मॅक्रो मात्र जागेवरच. आता तिथे खरोखरच किंमत न देता वापर झाला तरी कोणी ओरडणार नव्हतं. २०२० साली ५.९ या आवृत्तीत तो झाडून सगळीकडून काढला. गंमत म्हणजे त्याच वर्षी ५.७ मध्ये टोरवाल्ड्स यांनी ‘कदाचित किंमत दिली नसेल’ ही वॉर्निंगच नेहमीच्या बिल्डमधून बंद केली होती, कारण तिच्या खोट्या ओरडीला तेही कंटाळले होते. तेरा वर्षं!

तेरा वर्षांचं काय घेऊन बसलात, २००२ साली आलेला जीसीसी ३.२ कर्नेल बांधायला चालतो, हे कागदोपत्री २०१८ पर्यंत खरं होतं. त्या वर्षी किमान आवृत्ती ४.६ केली, २०२१ मध्ये ५.१. किमान आवृत्ती एकदा वर सरकली, की तिच्या खालच्या कंपायलरांसाठी लिहिलेल्या अटी बिनधास्त उडवता येतात. मला हा सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो, आणि सगळ्यात कमी वापरला जाणाराही.

मग दिसेल ते उडवत सुटायचं का? तसंही नाही. २००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएलच्या कोडवर वॅलग्रिंड तक्रार करत होतं, इथेही न भरलेल्या मेमरीचीच. तक्रार थांबावी म्हणून दोन सारख्या दिसणाऱ्या ओळी काढून टाकल्या. त्यांतली एक ओळ आकड्यांच्या भांड्यात अनिश्चितता ओतायचं काम करत होती. ती गेल्यावर अनिश्चित असा उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजारांच्या घरात. सगळ्या करून बघायला फार वेळ लागत नाही. हे उघडकीला आलं १३ मे २००८ ला, आणि जगभरच्या लोकांना सर्व्हरच्या किल्ल्या बदलत बसावं लागलं. विहीर भरलेली दिसते म्हणून बोअरबंदी उठवावी, तसलं हे. विहीर भरली कशाने, ते विचारायचं राहिलं.

तर आमच्या मेकफाइलचं असं झालं. एकेक फ्लॅग काढायचा, बिल्ड करायचं, येईल ती प्रत्येक वॉर्निंग वाचायची. बहुतेक ठिकाणी काहीच आलं नाही. कंपायलर केव्हाच सुधारला होता, आम्हीच जुनं औषध घेत होतो. एका ठिकाणी मात्र खरा बग निघाला. फाइल वाचताना एरर आली की लांबीचा व्हेरिएबल न भरताच पुढे जायचा. ग्राहकाच्या रिपोर्टात अधूनमधून येणारा तो अचाट आकडा, ज्यावर आम्ही दोन वर्षं ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल’ म्हणत होतो, तो हाच. कंपायलर बिचारा पहिल्या दिवसापासून सांगत होता, आम्हीच त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावलेली.

‘नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग’ ठेवलाय, तो कर्नेलवालेही अजून लावतात. प्रत्येक उरलेल्या फ्लॅगपुढे कारण, कंपायलरची आवृत्ती आणि तारीख लिहिली. एकच राहिलाय. त्याच्यापुढे कॉमेंट आहे: ‘हे काढू नये.’ बाकी नाव नाही, साल नाही. सोमवारी जुना इतिहास उकरून बघतो.