मंडईच्या दगडावर कुणाचं नाव?

रातपाळी सुटली की मी कधीमधी सरळ मंडईत येतो. भाजीची पोती उतरत असतात. चहा घेतो आणि आठ कोनांच्या त्या दगडी मनोऱ्याकडं बघत उभा राहतो. मी पुण्याचा नाही. मराठवाड्यातला. पाणी आटलं, काम आटलं, म्हणून आलो. इथं मी उपराच.

मागल्या डिसेंबरात याच चहाच्या गाड्यावर गिरणीतल्या सोबत्यानं विचारलं, "एक जानेवारीला तुम्ही लोक इंग्रजांच्या खांबापुढं वाकता. तुम्हाला देशाचा अभिमान हाय का न्हाई?" माणूस वाईट नाही. डब्यातली भाकरी आम्ही वाटून खातो. म्हणूनच जास्त लागलं. मला उत्तर आलं नाही. घोषणा येत होत्या, उत्तर येत नव्हतं. तेव्हापासून वाचतोय. सापडलं ते मांडतो.

आधी आमच्या पायाखालचा दगड बघू. ही मंडई इंग्रजांच्या अमदानीत, १८८६ साली उघडली. नाव रे मार्केट, मुंबईच्या गव्हर्नराचं. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मार्केटवर पैसा ओतायला त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, हे त्यांचं म्हणणं. १८८० साली व्हाईसरॉय लिटन पुण्याला यायचा होता. नगरपालिका त्याच्या स्वागतावर हजार रुपये उडवायला निघाली. तेव्हाही विरोध केला तो जोतीरावांनीच. म्हणजे ज्यांना इंग्रजांचे हस्तक म्हणून हिणवलं, त्यांनीच साहेबाच्या थाटाला नाही म्हटलं.

पुढं १९२४ साली याच मंडईत टिळकांचा पुतळा बसला, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. दुसऱ्या वर्षी केशवराव जेधे यांनी जोतीरावांच्या पुतळ्याचा ठराव नगरपालिकेत मांडला. तो फेटाळला गेला. त्या रागातून दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' लिहिलं, टिळक-चिपळूणकरांवर. भाषा जहाल, शिवराळसुद्धा. खटला झाला. खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या. अपिलात वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब, आणि १९२६ साली आरोपी सुटले.

मित्रांनो, पुस्तकाचं नाव परत वाचा. देशाचा दुश्मन कोण, हे भांडण आजचं नाही. पुढं आचार्य अत्र्यांनी नगरपालिकेत असताना रे साहेबाचं नाव काढून मंडईला जोतीरावांचं नाव दिलं. बांधकामाला विरोध करणाऱ्याचंच नाव शेवटी बांधकामाला मिळालं! इतिहासाला पण विनोद कळतो म्हणायचा.

आता पेशवाई. पुण्यात तिचा अभिमान हवेत आहे. अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलं. 'ती इंग्रजांची बनावट' म्हणणाऱ्यांनी मुक्ता साळवे वाचावी. फुल्यांच्या शाळेत शिकलेली, चौदा वर्षांची मांगाची पोर. तिनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला आणि पेशवाईत आपल्या लोकांचे काय हाल झाले ते मांडलं. पेशवाई जाऊन तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती. साक्ष घरातली होती.

पण मग आपण स्वतःलाही प्रश्न विचारू. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेले महार शिपाई कंपनीच्या पगारावर होते. त्यांच्या पलटणीत मराठे होते, मुसलमान होते. समोर पेशव्यांच्या फौजेत अरब होते. कंपनी काही आपल्या मुक्तीसाठी लढत नव्हती. त्याच इंग्रजांनी १८९० नंतर महारांची भरती बंद केली आणि गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज करायची वेळ आली. हे लपवून अभिमान बाळगला तर आपला अभिमानही कच्चाच.

मग खांबापुढं का जायचं? त्या दगडावर 'नाक' शेवटी असलेली नावं कोरली आहेत म्हणून. ज्यांची सावली नको होती त्यांची नावं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले आणि त्याच वर्षी मार्चात महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. मला हे दोन्ही एकाच वाटेवरचे मुक्काम वाटतात.

आणि देश? नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी हैदराबाद संस्थानातल्या आपल्या लोकांना बजावलं होतं, निजामाची बाजू घेऊ नका. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामशाही संपली. आजा सांगायचा, "झेंडा लागला तवा आम्ही बी नाचलो. दुसऱ्या दिवशी हिरीवर गेलो, तर पानी वरूनच वाढलं." आजा तरीही झेंड्याला सलाम करायचा. मलाही राष्ट्रगीत लागलं की छाती भरून येते, आणि त्याच क्षणी ती विहीर आठवते. दोन्ही खरं आहे. यातलं एक टाकून दे म्हणणाऱ्याचं मी ऐकणार नाही.

सोबत्याला म्हटलं, या एक जानेवारीला माझ्याबरोबर चल. वाकू नकोस. नुसती नावं वाच. परत येताना मंडईत उतरू, तू टिळकांच्या पुतळ्यापाशी सांग, मी ऐकतो.

तो अजून हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही.

जय भीम.