विहिरीच्या तळाचा सांगावा
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत बोअर मारायचे ठरले. नळाला पाणी येईना म्हणून चार घरांनी मिळून वर्गणी काढली. तमिळनाडूची गाडी आली आणि रात्रभर तिची धडधड चालू राहिली. आमचे चाचा खुर्ची टाकून तिथेच बसले होते. यंत्र चालवणाऱ्या पोराचा एक हात सारखा दांड्यावर होता आणि नजर वर येणाऱ्या दगडाच्या भुकटीवर. चाचांनी त्याला विचारले, "क्यूँ बेटा, नीचे क्या दिखता है?" तो हसून म्हणाला, "दिखता कुछ नहीं चाचा, हाथ को समझता है."

मी बी.ए. झालेला माणूस. शास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. पण त्या पोराचे वाक्य डोक्यात राहिले आणि त्यामुळे मी जमिनीखालच्या, दिसत नाही अशा जागेविषयी वाचू लागलो. पाण्याच्या बोअरपासून तेलाच्या विहिरीपर्यंत जाऊन पोहोचलो. जिथे माणूस कधीही जाऊ शकत नाही, तिथली खबर वर कशी आणायची आणि वरचा हुकूम खाली कसा पोहोचवायचा, याची ती गोष्ट आहे. तीच आज थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल या गावी २७ ऑगस्ट १८५९ रोजी एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले. ती विहीर जेमतेम ६९ फूट खोल होती, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक बोअरपेक्षाही उथळ. त्या काळी जड छिन्नी दोराला बांधून खाली आपटत. विहीर खणणारा कारागीर त्या दोरावर हात ठेवून असे. दगड टणक लागला की दोर एक प्रकारे थरथरे, मऊ थर लागला की दुसऱ्या प्रकारे. तेवढ्यावरून खाली काय चालले आहे ते तो ओळखी. आमच्या गल्लीतला पोरगा नकळत त्याच परंपरेतला होता.

पण विहिरी शेकडो, मग हजारो फूट खोल गेल्या. एवढ्या खोलीवरची खबर हाताला कळेना. मग खालच्या दगडाचा दंडगोल कापून वर आणायचा, असा उपाय होता. फ्रेंच लोक त्या दंडगोलाला 'कॅरोट', म्हणजे चक्क गाजर म्हणतात. हे गाजर काढणे फार खर्चाचे आणि वेळखाऊ. बरे, कापताना ते मोडले किंवा वाटेत गळून पडले, तर नेमका हवा तोच थर हातचा जायचा. तेलाचा थर छेदून छिन्नी पुढे गेली आणि वरच्या माणसांना पत्ताही लागला नाही, असे होऊ शकत होते.

या कोंडीतून वाट काढली दोन भावांनी. कॉनराड आणि मार्सेल श्लुंबर्जर हे मूळचे आल्सास प्रांतातले. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात हातबदल होत राहिलेला हा मुलूख. घर सुखवस्तू, कापडाच्या धंद्यातले. कॉनराड पदार्थविज्ञानाचे अध्यापक, तर धाकटे मार्सेल इंजिनिअर. जमिनीत वीज सोडायची आणि ती कुठे सहज वाहते, कुठे अडते ते मोजायचे, म्हणजे खालच्या दगडाचा अंदाज येईल, अशी कॉनराड यांची कल्पना होती. वाळूने भरलेल्या टबात त्यांनी आधी प्रयोग केले आणि १९१२ मध्ये नॉर्मंडीत प्रत्यक्ष जमिनीवर मोजणी केली. मग पहिले महायुद्ध आले. युद्धानंतर १९१९ मध्ये वडिलांनी, पॉल श्लुंबर्जर यांनी, मुलांच्या संशोधनाला पैसे दिले. त्या करारात त्यांनी घातलेली अट मला फार आवडली. या कामात पैशाच्या लाभापेक्षा शास्त्रीय संशोधनाला वरचे स्थान राहील, असे त्यांनी लिहून घेतले होते. हा करार लक्षात ठेवा, त्याची आठवण पुढे काढावी लागणार आहे.

तारीख ५ सप्टेंबर १९२७. आल्सासमधले पेशेलब्रॉन हे जुने तेलक्षेत्र. कॉनराड यांचे जावई आंरी डॉल दोन सहकाऱ्यांसह एका विहिरीवर आले. त्यांच्याजवळ बॅकेलाइटच्या नळ्या जोडून केलेले एक लांबट उपकरण होते आणि त्याला विजेच्या तारा होत्या. ते विहिरीत सोडले. दर मीटरला थांबायचे, वीज सोडायची, किती अडथळा झाला तो आकडा वाचायचा, लिहून घ्यायचा, पुन्हा मीटरभर सरकायचे. असे तासन्‌तास चालले. मग डॉल यांनी ते आकडे कागदावर ठिपक्यांनी मांडले आणि ठिपके रेषेने जोडले. वरखाली होणारी एक वेडीवाकडी रेघ तयार झाली. तेलविहिरीच्या पोटातून आलेला विजेचा हा पहिला आलेख.

त्या रेघेचा अर्थ सोपा आहे. दगडाच्या छिद्रांत खारे पाणी असेल तर वीज सहज वाहते. तेल मात्र विजेला अडवते. म्हणून जिथे अडथळा मोठा, तिथे तेल असण्याची शक्यता. शक्यताच, बरे का! कारण छिद्रे नसलेला घट्ट दगडही वीज अडवतो. तेव्हा नुसता आकडा पुरत नाही, तो वाचणारा जाणता लागतो. या पद्धतीला त्यांनी 'विजेने गाजर काढणे' असेच नाव दिले. दोनच वर्षांत, १९२९ मध्ये, ही पद्धत व्हेनेझुएला, अमेरिका आणि सोव्हिएत संघात जाऊन पोहोचली. पुढे १९४२ मध्ये गस आर्ची या अमेरिकन अभियंत्याने विजेचा अडथळा, दगडातली छिद्रे आणि त्यांतले पाणी यांचे गणित सूत्रात बसवले. ते सूत्र आजही या विषयाच्या पहिल्या पाठात शिकवले जाते.

यात एक अडचण होती. ही मोजणी करायची तर खोदणे थांबवून सगळे पाइप बाहेर काढावे लागत. खोदता खोदता खबर कशी मिळणार? हजारो मीटर लांबीचा पाइप गरगर फिरत असताना त्यातून विजेची तार नेणे महाकठीण. याचे उत्तर सापडले ते चिखलात. तेलाची विहीर खोदताना पाइपातून एक घट्टसर चिखल जोराने खाली सोडतात. तो छिन्नीच्या तोंडातून बाहेर पडतो, छिन्नी थंड ठेवतो, दगडाचा चुरा उचलून वर आणतो आणि आपल्या वजनाने खालच्या तेलवायूला दाबून धरतो. मग या चिखलाच्या धारेतूनच निरोप का पाठवू नये? छिन्नीच्या मागे एक लहानसा व्हॉल्व्ह बसवला. त्याने धार क्षणभर अडवली की दाबाचा एक ठोका उठतो आणि चिखलातून सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने वर येतो. ठोका आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अक्षरांच्या भाषेत खालचे यंत्र आपली खबर वर कळवते. या कल्पनेवर १९६० च्या दशकात बरेच काम झाले आणि १९७८ मध्ये अमेरिकेतल्या टेलिको कंपनीने ही सेवा व्यवहारात आणली.

सुरुवातीला सेकंदाला एखादा ठोकाही धड येत नसे. सगळा निरोप यायला मिनिटे लागत. पण केवढी खबर होती ती! आपण कोणत्या दिशेला चाललो आहोत, किती तिरपे आहोत, भोवतीचा दगड कसला आहे. गुरुत्वाकर्षण आणि पृथ्वीचे चुंबकत्व मोजून ते यंत्र काळोखात आपला ठावठिकाणा सांगू लागले. पुढे उलटी वाटही सापडली. वरून पंपाचा वेग ठरावीक रीतीने कमीजास्त केला की खालचे यंत्र तो हुकूम ओळखते आणि छिन्नीचे तोंड वळवते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर विच फार्म या ठिकाणी समुद्राखालचे तेल काढण्यासाठी कृत्रिम बेट बांधायचा बेत होता. तो सोडून जमिनीवरूनच आडव्या विहिरी खोदल्या गेल्या आणि १९९८ मध्ये त्यांतली एक विहीर किनाऱ्यापासून आडवी दहा किलोमीटरपलीकडे पोहोचली.

आपल्यालाही हा विषय परका नाही. एक रुपयाची नोट पाहा, तिच्या मागच्या बाजूला समुद्रात उभे असलेले एक जहाज दिसते. ते 'सागर सम्राट'. जपानमध्ये बांधलेल्या या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात विहीर खोदली आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी तिला तेल लागले. २१ मे १९७६ ला बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. तिथले तेल चुनखडीच्या थरांत आहे. अशा थरांत कुठे तेल, कुठे वायू आणि कुठे नुसते पाणी, हे ओळखायला अशाच मोजणीच्या रेघा लागतात. पुढे तिथे जुन्या विहिरींना बाजूने फाटे फोडून आडव्या विहिरीही नेल्या. छिन्नी कुठे आहे हे खालून कळवणारे यंत्र नसते, तर हे जमले नसते.

खबर आली, पण वेळेवर दार बंद करता आले पाहिजे. त्यासाठी समुद्रातल्या विहिरीच्या नळीत, तळाखाली काही अंतरावर, एक झडप बसवतात. वरून बारीक नळीने आलेल्या तेलाच्या दाबाने ती उघडी राहते. वर आग लागली, काही मोडले, तो दाब गेला, की आतली स्प्रिंग झडप आपोआप मिटवते. या रचनेतले शहाणपण मोठे आहे. दार बंद करायला कुणी जिवंत राहिले पाहिजे, अशी अट तिथे नाही.

आता शेवटची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही. २० एप्रिल २०१०. मेक्सिकोच्या आखातात, सुमारे दीड किलोमीटर खोल पाण्यावर 'डीपवॉटर होरायझन' हे खोदकामाचे जहाज उभे होते. मॅकोंडो नावाची विहीर पुरी होत आली होती. तिच्या तळाशी सिमेंट भरून तोंड बंद केले होते. ते सिमेंट नीट धरले आहे का, हे मोजण्यासाठी एक तुकडी जहाजावर बोलावली होती. ती श्लुंबर्जर बंधूंनी स्थापन केलेल्या कंपनीचीच. पण सिमेंट भरताना सगळे ठीक दिसले, तेव्हा मोजणीची गरज नाही, असे ठरले. मोजणीचा खर्च सुमारे १ लाख २८ हजार डॉलर होता. ती तुकडी उपकरण विहिरीत न सोडताच सकाळी हेलिकॉप्टरने परत गेली. ती मोजणी केली असती तर अनर्थ टळलाच असता, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण विचारायचा एक प्रश्न विचारायचा राहून गेला, एवढे खरे.

संध्याकाळी दुसरी चाचणी झाली. वरचा दाब काढून घ्यायचा आणि विहीर गप्प राहते का ते पाहायचे. विहीर गप्प राहिली नाही. दाब काढला की पुन्हा चढे. एका नळीवरचा काटा चौरस इंचाला १४०० पौंड दाखवत होता. आपल्या मोटारीच्या चाकात तो तीसेक असतो. दुसऱ्या नळीवर मात्र शून्य. दोन काटे दोन गोष्टी सांगत होते. जहाजावरच्या माणसांनी यावर चर्चा केली आणि चढलेल्या दाबाला एक स्पष्टीकरण शोधून काढले. वरच्या जड चिखलाच्या भारामुळे तसे दिसते म्हणे. मग शून्य दाखवणारा काटा खरा धरला आणि चाचणी पास झाली. रात्री दहाच्या सुमारास वायू उसळून वर आला आणि स्फोट झाला. जहाजावर १२६ माणसे होती, त्यांतली ११ गेली. समुद्रतळावरचे, पाइप कापून विहीर बंद करणारे अजस्र यंत्रही कामी आले नाही. पुढच्या तपासात त्याचे वायरिंग चुकलेले आणि एक बॅटरी उतरलेली आढळली. शिवाय पाइप वाकून बाजूला सरकल्यामुळे पात्यांना तो नीट कापता आला नाही. ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिले.

ते अकरा जण कामाला गेलेली साधी माणसे होती. त्यांच्या घरी कुणीतरी त्यांची वाट पाहत होते. हे वाचताना मला पॉल श्लुंबर्जर यांचा तो करार आठवत राहिला. दोराची थरथर ओळखणाऱ्या हातापासून चिखलातून येणाऱ्या ठोक्यापर्यंत, माणसाने पाताळातला शब्द वर आणायला दीडशे वर्षे खर्च केली. त्या संध्याकाळी शब्द वर आला होता, स्पष्ट आला होता. तो गैरसोयीचा होता. घाई होती, काम लांबले होते, खर्च वाढला होता. अशा वेळी माणूस काट्याला खोटे ठरवतो आणि आपल्या इच्छेला खरे.

दूर कशाला जायचे? आमच्या गल्लीतला तो पोरगा अडीचशे फुटांवर थांबला होता. म्हणाला, "चाचा, नीचे सूखा है. आगे पैसा जाएगा, पानी नहीं आएगा." आम्ही चार घरांनी त्याला वेड्यात काढले. एवढी वर्गणी जमवली, आता मागे कसे फिरायचे? आणखी शंभर फूट खणायला लावले.

त्या शंभर फुटांतून नुसती भुकटी आली. आमचे पैसेच गेले, तेवढ्यावर निभावले.