मानवाचा मूळ वर्ण

माणूस माणसाकडे पाहतो तेव्हा त्याच्या दृष्टीस सर्वांत आधी पडतो तो रंग. नाव, भाषा, विद्या, स्वभाव या गोष्टी नंतर कळतात. मराठीत तर या एका गुणासाठी शब्दांची केवढी समृद्धी आहे! गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळाभोर अशा कितीतरी छटा या भाषेने टिपून ठेवल्या आहेत. मात्र ज्या समाजाने पंढरीच्या सावळ्या दैवतापुढे शतकानुशतके मस्तक ठेवले, तोच समाज सून आणताना गोरेपणाची चौकशी करतो, ही विसंगती नित्य परिचयाची आहे. रंग इतका ठळक दिसतो, तेव्हा त्याचा अर्थही तितकाच खोल असला पाहिजे, अशी समजूत केवळ या देशात नव्हे, तर जगभर रूढ झाली. ती समजूत कशी बळावली आणि पुराव्यापुढे कशी ढासळली, हा मानवी ज्ञानाच्या इतिहासातील एक उद्बोधक अध्याय आहे.

प्राचीन ग्रीकांनी या प्रश्नाला कथेने उत्तर दिले. सूर्यदेवाचा पुत्र फेथॉन याने हट्टाने पित्याचा रथ हाकायला घेतला, घोडे आवरेनात, रथ पृथ्वीच्या फार जवळ आला आणि त्या धगीने इथिओपियाचे लोक काळे झाले. कथा काल्पनिक असली तरी रंगाचे नाते सूर्याशी आहे, ही जाणीव तीत आहे. पुढे नोहाच्या शापामुळे त्याच्या हॅम नावाच्या पुत्राचे वंशज काळे झाले, अशी एक समजूत पश्चिमेकडे पसरली. चौदाव्या शतकातील थोर अरब इतिहासकार इब्न खल्दून याने ती स्पष्ट शब्दांत नाकारली आणि वर्ण हा शापाचा नव्हे, हवामानाचा परिणाम होय, असे प्रतिपादन केले. परंतु शहाणपणाचे असे शब्द नेहमीच ऐकले जातात असे नाही. १७३५ साली स्वीडनच्या लिनिअसने मानवाची युरोपीय, अमेरिकी, आशियाई व आफ्रिकी अशी चार भागांत विभागणी केली आणि प्रत्येकास एकेक रंग वाटून दिला. १७५८ च्या आवृत्तीत त्याने रंगांच्या जोडीला स्वभावही चिकटवले. युरोपीय कल्पक, तर आफ्रिकी आळशी! वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या त्या बुद्धिमान माणसाने येथे मात्र निरीक्षणाच्या जागी पूर्वग्रह नोंदवला, आणि पुढील दोनशे वर्षे त्या नोंदीचे दुष्परिणाम जगाला भोगावे लागले.

चार्ल्स डार्विनने १८७१ साली आपला मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसाचे निकटचे आप्त असे गोरिला व चिंपँझी आफ्रिकेत राहतात. यास्तव माणसाचे पूर्वजही तेथेच असण्याचा संभव अधिक, असा तर्क त्याने त्यात मांडला. त्या काळी पुराव्यादाखल दाखवावे असे आफ्रिकेतील एकही हाड हाती नव्हते. शिवाय आपले मूळ आफ्रिकेत असावे, ही कल्पना युरोपातील अनेक विद्वानांना रुचणारी नव्हती. १९१२ साली इंग्लंडमधील पिल्टडाउन येथे मोठ्या मेंदूची कवटी आणि वानरासारखा जबडा सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्यांना हवे तेच मिळाले. आद्य मानव इंग्लंडात!

याच पार्श्वभूमीवर १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतील टाऊंग येथील चुनखडीच्या खाणीतून एका बालकाची कवटी निघाली. जोहान्सबर्ग येथील शारीरविज्ञानाचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांनी तिचा अभ्यास केला. मेंदू वानराएवढा लहान. परंतु मज्जारज्जूचे छिद्र कवटीच्या मागे नसून खाली. याचा अर्थ ते बालक दोन पायांवर ताठ चालत होते. डार्ट यांनी १९२५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, पण लंडनच्या विद्वानांनी ते एखाद्या वानराचे पोर ठरवून तो बाजूला सारला. ज्येष्ठ शास्त्रज्ञ सर आर्थर कीथ यांनी डार्ट यांचेच म्हणणे बरोबर होते, असे मान्य करण्यास १९४७ साल उजाडावे लागले. आणि पिल्टडाउन? १९५३ साली ती शुद्ध लबाडी असल्याचे सिद्ध झाले. माणसाच्या कवटीला ओरांगउटानाचा जबडा जोडून, दात कानशीने घासून आणि हाडांना रंग देऊन ती वस्तू तयार केलेली होती. खोटी कवटी चाळीस वर्षे मिरवली आणि खरी वीस वर्षांहून अधिक काळ उपेक्षित राहिली. कारण पाहणाऱ्यांना काय पाहावयाचे हे आधीच ठरलेले होते.

यानंतर पुराव्यांची रीघ लागली. १९७४ साली इथिओपियात सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा ‘ल्युसी’ या नावाने प्रसिद्ध झालेला सांगाडा मिळाला. १९७८ साली टांझानियातील लाएटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावले मेरी लीकी यांच्या पथकाला आढळली. आजच्या मानवजातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष मोरोक्कोतील जेबेल इर्हूद येथील मानले जातात. २०१७ साली त्यांचे वय सुमारे तीन लाख वर्षे ठरवण्यात आले. हाडांच्या साक्षीला रक्ताची साक्षही मिळाली. १९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी मातेकडून अपत्याकडे येणाऱ्या आनुवंशिक द्रव्याची जगभरच्या लोकांत तुलना केली. त्या वंशवृक्षाचे मूळ आफ्रिकेत निघाले. आफ्रिकेबाहेरील बहुतेक सर्व समाज साधारण साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी त्या खंडातून बाहेर पडलेल्या मंडळींचे वंशज होत, हे आता सर्वसामान्यपणे मान्य झाले आहे. वाटेत त्यांचा नेअँडरथल मानवाशी संबंध आला आणि त्याची एक-दोन टक्के खूण त्यांच्या वंशजांत आजही सापडते, हे २०१० साली स्वान्ते पेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

मग या आद्य मानवाचा वर्ण कोणता? चिंपँझीच्या दाट केसांखालील त्वचा फिकट असते. मानवाचे अतिप्राचीन पूर्वजही तसेच असावेत. परंतु उघड्या माळरानावर दूरवर चालू-धावू लागलेल्या पूर्वजांना शरीर थंड राखणे आवश्यक झाले. घामाच्या ग्रंथी वाढल्या, अंगावरचे केस विरळ झाले आणि त्वचा विषुववृत्तीय उन्हासमोर उघडी पडली. येथे मेलॅनिन या रंजकद्रव्याचे महत्त्व कळते. हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या काळ्या आणि गोऱ्या माणसात जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या किती व कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यात. सूर्याच्या जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरणांपासून मेलॅनिन छत्रीप्रमाणे शरीराचे रक्षण करते. हे किरण रक्तातील फोलेट नावाच्या जीवनसत्त्वाचा नाश करू शकतात, आणि फोलेट कमी पडल्यास गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची वाढ बिघडते. जिच्या त्वचेवर छत्री दाट, तिची अपत्ये अधिक सुदृढ, अशी ही निवड पिढ्यान्‌पिढ्या चालली असावी. बारा लाख वर्षांपूर्वीच मानवाचे पूर्वज गडद वर्णाचे झाले असावेत, असे जनुकांच्या अभ्यासावरून अनुमान निघते. आजच्या मानवाचे जे आद्य पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडले, ते सावळे-काळेच होते.

उत्तरेकडे गेल्यावर मात्र हीच छत्री अडचणीची ठरू लागली. हाडांच्या बळकटीसाठी लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत तयार होते, ते याच अतिनील किरणांमुळे. जेथे ऊन कोवळे आणि हिवाळा दीर्घ, तेथे गडद त्वचेला ते पुरेसे बनवता येत नाही. मग मुलांना मुडदूस होतो, हाडे वाकतात. धुराने आकाश झाकलेल्या युरोपातील औद्योगिक शहरांत या रोगाने मुलांचे अतोनात हाल केले. बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली दिव्याच्या अतिनील प्रकाशाने तो बरा करून दाखवला. २००० साली नीना जब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी पृथ्वीवर पडणाऱ्या अतिनील किरणांच्या मोजमापांशी विविध समाजांच्या वर्णाचा ताळा घालून पाहिला, तेव्हा दोहोंचा निकटचा संबंध आढळला. फोलेट वाचावे इतका गडद आणि ‘ड’ जीवनसत्त्व बनावे इतका उजळ, अशा दोन गरजांमधील तडजोड म्हणजे त्वचेचा रंग. याला अपवाद दिसतात, पण त्यांचीही कारणे सापडतात. ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोक तितकेसे गोरे नाहीत. कारण मासे व सागरी प्राणी यांच्या आहारातून त्यांना ‘ड’ जीवनसत्त्व मिळत आले.

हा बदल नेमका कसा घडला, यावर गेल्या काही वर्षांत चांगला प्रकाश पडला आहे. २००५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे कीथ चेंग व त्यांचे सहकारी झेब्रा माशाचा अभ्यास करीत होते. फिकट पट्ट्यांच्या एका जातीत त्यांना एक जनुक बिघडलेले आढळले. माणसाचे तेच जनुक त्या माशाच्या भ्रूणात कार्यरत केले, तेव्हा त्याचा रंग गडद झाला. या जनुकातील अवघ्या एका ‘अक्षराचा’ बदल युरोपीयांच्या गोरेपणास मोठ्या प्रमाणात कारण आहे. २०१३ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, हाच बदल भारतातील अनेक समाजांत कमीअधिक प्रमाणात असून त्याचा उगम युरोपातील बदलाशी सामाईक आहे. चीन-जपानकडील लोकांचा उजळपणा मात्र बव्हंशी निराळ्या जनुकांतून आला. म्हणजे सारखा रंग हा सारख्या कुळाचा पुरावा नव्हे. पापुआ बेटावरील काळाभोर रहिवासी वंशदृष्ट्या आफ्रिकी माणसापेक्षा चिनी माणसाला जवळचा आहे.

गोरा युरोप हीदेखील फार जुनी वस्तू नव्हे. इंग्लंडातील चेडर येथील गुहेत १९०३ साली सापडलेला सांगाडा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा आहे. २०१८ साली त्याच्या आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षणावरून तो माणूस बहुधा गडद वर्णाचा आणि निळ्या-हिरव्या डोळ्यांचा असावा, असे दिसून आले. ज्या इंग्लंडाने पिल्टडाउनच्या बनावट पूर्वजाचा अभिमान वाहिला, त्या भूमीचा खरा रहिवासी असा निघाला! २०१७ साली सारा टिश्कॉफ यांच्या पथकाने आफ्रिकेतील समाज तपासले, तेव्हा उजळ आणि गडद या दोन्ही वर्णांस कारण होणारे कित्येक जनुकीय भेद त्या खंडातच लाखो वर्षे एकत्र नांदत आले आहेत, असे निष्पन्न झाले.

ज्ञानाची ही वाटचाल होत असताना राज्यकारभार मात्र दुसऱ्याच दिशेने चालला होता. १९०१ च्या हिंदुस्थानच्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उच्चनीचता सिद्ध होते, असे मानले. मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली तीच मापे पुन्हा तपासली आणि रिस्लेचे सूत्र देशभर लागू पडत नसल्याचे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली याच मापांचा आधार घेऊन अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, असे बजावून सांगितले. इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकत असता कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. मापे घेऊन त्यांनी असा संबंध नसल्याचा निष्कर्ष नोंदवला. गुरूच्या कलाविरुद्ध, परक्या देशात, एका तरुण विद्यार्थिनीने केलेली ती नोंद मराठी माणसाने अभिमानाने आठवावी अशी आहे.

दक्षिण आफ्रिकेत तर दैवाने विलक्षण उपरोध साधला. टाऊंगच्या बालकाने माणसाचे मूळ जेथे दाखवून दिले, त्याच देशाने १९५० साली लोकसंख्या नोंदणीचा कायदा करून प्रत्येक नागरिकाच्या नावापुढे त्याचा वंश लिहावयास सुरुवात केली. शंका आल्यास केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की पडते, हे पाहण्यापर्यंत मजल गेली. त्या एका रकान्यावर माणसाचे घर, शाळा, मतदान आणि विवाहदेखील अवलंबून राहिला. एकाच घरातील माणसे निरनिराळ्या रकान्यांत पडली. हा कायदा रद्द होण्यास १९९१ साल यावे लागले. कार्यालयातील एका टाकाच्या फटकाऱ्याने केवढा अन्याय होऊ शकतो, याचे याहून विदारक उदाहरण क्वचितच मिळेल.

१९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवून दिले की, मानवातील आनुवंशिक वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य कोणत्याही एका समाजाच्या अंतर्गतच आढळते. वंशावंशांतील फरकाच्या वाट्याला फारच थोडे उरते. त्वचेचा वर्ण हा त्या थोड्यातला, डोळ्यांना दिसणारा एक अंश. एखाद्याच्या पूर्वजांवर किती ऊन पडले आणि त्यांनी काय खाल्ले, एवढेच तो सांगतो. बुद्धी, शील, कर्तृत्व यांविषयी तो मुका आहे. सरकारी नोंदवहीतील रकाना कायद्याने पुसता येतो; परंतु विवाहाच्या बोलण्यांत, नवजात बालकाच्या पाळण्याभोवती आणि मुलींच्या मनात जो रकाना अजून शिल्लक आहे, तो पुसण्याचे काम कोणत्याही कायद्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते ज्याचे त्याने, आपापल्या घरीच करावयाचे आहे.