गाळाचा स्वभाव आणि खडकवासले

पाणी संथ झाले की गाळ बसू लागतो. बारीक कणांचा नियम स्टोक्सने १८५१ साली मांडला: जाडी दुप्पट, तर बुडण्याचा वेग चौपट. १९३२ साली खुल्या झालेल्या सक्कर बंधाऱ्याच्या उजव्या कालव्यांत सिंधूची वाळू साचू लागली. तिचा उपाय इंग्लिसच्या देखरेखीखाली आपल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात, नदीच्या प्रतिकृतीवर शोधला गेला. वळणावर तळाची जड वाळू आतल्या काठाकडे सरकते. बाहेरच्या काठाचे पाणी त्या मानाने निवळ राहते. म्हणून कालव्यांसाठी वळणदार प्रवेशमार्ग काढण्यात आला. सिंधूच्या वाळूला वाट दाखविणाऱ्या या केंद्राशेजारचे धरण मात्र गाळाने उथळ होत आहे. आपण पुणेकर त्याचेच पाणी पितो. त्या गाळाची चिंताही आपणच वाहिली पाहिजे.