गोंगाटातून निघालेलं नाव

प्रयोगात सर्वांत कमी लक्ष जातं ते तुलनेच्या नळीकडे. तिथे काही घडणार नाही, हे धरूनच चाललेलं असतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कर्करोगावर तुटून पडणाऱ्या टी पेशी तपासताना मात्र या नळीतही काहीतरी घडत होतं. कर्कपेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरायचं, त्यांच्यावर उंदराच्या प्लीहेतल्या पेशी सोडायच्या आणि फुटलेल्या कर्कपेशींतून किती क्रोमियम बाहेर आलं ते मोजायचं, अशी ती पद्धत. ज्या उंदरांची त्या कर्करोगाशी कधी गाठच पडली नव्हती, त्यांच्या पेशीही कर्कपेशी फोडत. अनेकांनी हा आकडा गोंगाट समजून सरळ वजा केला.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रोल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विगझेल यांनी तो वजा केला नाही. १९७५ मध्ये त्यांनी या पेशींचं बारसं केलं: नॅचरल किलर. आपल्याकडे नैसर्गिक मारक पेशी. त्याच वर्षी अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटानेही त्यांचं वर्णन केलं. यातलं ‘नैसर्गिक’ म्हणजे उपजत, न शिकवता आलेलं. टी पेशीला सज्ज व्हायला काही दिवस लागतात; या सज्जच असतात.

नावातला ‘मारक’ मात्र अपुरा आहे, असं माझं ठाम मत आहे. एलसीएमव्ही हा उंदरांचा विषाणू या पेशींच्या अभ्यासात फार उपयोगी ठरला. स्टीफन वॅगनर आणि रेमंड वेल्श यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं, की संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांत मारक पेशी विषाणूवर जाण्याऐवजी आपल्याच जाग्या झालेल्या मदतनीस टी पेशी मारतात. विषाणूची मात्रा मध्यम असताना मारक पेशी काढून टाकल्या, तर टी पेशी विषाणू साफ करत आणि उंदीर सुधारत. मात्रा प्रचंड असताना काढल्या, तर अनावर झालेल्या टी पेशी उंदराचाच जीव घेत. म्हणजे एकच कृती एकीकडे अडसर, दुसरीकडे जीवदान. त्या गटाने या पेशींना दिव्याचा उजेड कमीजास्त करणाऱ्या बटणाची उपमा दिली, ती मला मूळ नावापेक्षा कितीतरी नेमकी वाटते.

टी पेशींच्या या छाटणीचा परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. संसर्ग ओसरल्यावर उरलेल्या थोड्या टी पेशी स्मृतिपेशी होऊन राहतात. मुळात किती वाचल्या, यावर पुढची आठवण ठरते. वॅगनर यांच्याच प्रयोगशाळेतून २०१५ मध्ये आलेल्या कामात, सुरुवातीलाच मारक पेशी हटवलेल्या उंदरांत टी पेशींची स्मृती अधिक भक्कम झाली आणि प्रतिपिंडांची बाजूही सुधारली.

ही निरीक्षणं उंदरांतली आहेत. तरी लशीने घडवलेली अशीच आठवण किती टिकेल याचा अंदाज घेताना टी पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींबरोबर सुरुवातीच्या दिवसांतल्या मारक पेशीही मोजायला हव्यात. एकदा वजा झालेला हा आकडा पुन्हा वजा होऊ नये.