तळणीच्या तेलाचा इतिहास

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहानसे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. ते इतके सुरळीत चालले की, फारच थोड्यांना त्याचा पत्ता लागला. आफ्रिकेतील वसाहतींना बाहेरचे इंधन विकत घ्यावे लागू नये, असा फ्रेंच सरकारचा त्यामागे विचार होता. पण खनिज तेल स्वस्त होते. प्रयोग मागे पडला.

दाट तेल इंजिनात साचते, ही खरी अडचण. १९३७ साली ब्रुसेल्सच्या शाव्हान यांनी तिच्यावर तोड काढून पेटंट घेतले. तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया केली की ग्लिसरीन सुटे होते व पातळ इंधन उरते.

पुढे अमेरिकेत चारचौघांची मंडळे खाणावळींतले जळके तेल गाळून, मेथॅनॉल व कॉस्टिक सोडा घालून, हेच घरी करू लागली. यात हयगय चालत नाही. तेलाची आम्लता आधी मोजली नाही, तर इंधनाऐवजी साबण हाती येतो. मेथॅनॉल तर विषारी आणि ज्वालाग्राही.

एवढ्या तेलाने जगाची गरज भागणार नाही, हे आपण जाणतो. पण २०१८ साली आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही हाच मार्ग धरला. पुन्हा पुन्हा तापविलेले तेल आपल्या पोटात जाण्यापेक्षा इंजिनात गेलेले बरे, एवढा बोध आपण या इतिहासातून खचित घ्यावा.